बाईंची वीस अंकी संख्या

बाईंच्या डोक्यातली गाठ निघाली, टाकेही नीट बसले. आता प्रश्न एवढाच होता, की गाठीबरोबर बाईंचं गणितही गेलं की काय. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलेली बाई ती.

"त्यांच्या हातखंडा विषयातलं काहीतरी विचारा, म्हणजे अंदाज येईल," डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा बेकरीवाला. संसारभर बायको संख्यांबद्दल बोलायची आणि हा मान डोलवायचा. आज मात्र मान डोलवून भागणार नव्हतं.

"तुझी ती लाडकी संख्या सांग बघू," तो म्हणाला.

बाई डोळे मिटूनच, सावकाश बोलल्या, "एकपासून दहापर्यंत चढायचं, परत एकपर्यंत उतरायचं. सगळं सलग लिहायचं. मूळ संख्या आहे ती. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही."

व्हरांड्यात जाऊन त्याने फोनवर संख्या टिपली: १२३४५६७८९८७६५४३२१. तपासायची एकच युक्ती त्याला येत होती. अंकांच्या बेरजेला तीनने भाग गेला, तर संख्येलाही जातो. बेरीज आली एक्क्याऐंशी. सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी! पुन्हा केली, तरी तेच. उभं आयुष्य भट्टीपुढे काढलं, पण असा घाम त्याला कधी फुटला नव्हता. झोपेतून उठवलं तरी जिचं गणित चुकायचं नाही, ती लाडक्या संख्येवरच चुकली होती.

उसनं हसू आणून तो आत गेला. पण बायकोपासून कधी काही लपलंय?

"चेहरा का पडलाय? काय लिहिलंत ते वाचा."

"...सात, आठ, नऊ, आठ, सात..."

"अहो, दहा कुठे गेला?"

फोनवर दहाचं बटण नसतं हे खरं, पण ही सबब सांगायची त्यालाच शरम वाटली.

"तुम्ही लिहिलीत ती चक्क वर्गसंख्या. एक हा अंक नऊदा लिहून वर्ग करा, हीच येईल. आता नऊनंतर दहा घाला, मग पुन्हा नऊवरून उतरा."

त्याने दुरुस्ती केली. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. बेरीज एक्क्याण्णव. तीनने भागल्यावर बाकी एक.

"एक उरला!" तो असा ओरडला की शेजारच्या खाटेजवळची नर्स धावत आली. "सिस्टर, एक उरला! मूळ आहे!"

"ओरडू नका," बाई कडाडल्या. "तीनने भाग गेला नाही म्हणून लगेच मूळ ठरते का? पंचवीसला तरी कुठे तीनने भाग जातो? एवढ्या मोठ्या संख्येची रीतसर सिद्धता लागते. ती झालेली आहे, तुमच्या बेरजेवाचून काही अडलेलं नाही. इतकी वर्षं ऐकत होतात की झोपा काढत होतात?"

बेकरीवाल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. किती छान रागावत होती ती! खुर्ची ओढून तो तिच्या उशाशी बसला.

"ते पंचवीसचं परत सांग ना," तो म्हणाला. "अगदी तस्संच, रागावून."