मोमेनाचा चर

"तुमच्या गावात तुफान किती वेळा येऊन गेलंय म्हणता?" शेवयांची वाटी जवळ ओढत सोलेमान मातबरांनी विचारलं.

प्रश्न इद्रिसला होता. उत्तर त्याच्या आईने, मोमेनाने, दिलं. "तीनदा. कमी पडत असेल तर अजून एकदा बोलावते."

इद्रिसचा चेहरा उतरला. सायकलची व्हॅनगाडी ओढून पोट भरणारा माणूस. आपल्या पोरीसाठी, पारुलसाठी, नदीपलीकडून स्थळ चालून आलं म्हणून त्याने शेजाऱ्यांकडून खुर्च्यासुद्धा मागून आणल्या होत्या. मातबर आपल्या पुतण्याला, मोख्तारला, घेऊन मुलगी बघायला आले होते. मातबरांच्या अंगात पांढराशुभ्र पंजाबी कुडता, बोटांत दोन अंगठ्या आणि ओसरीभर दरवळणारं अत्तर. हा माणूस नाही म्हणायलाच नटून आलाय, हे मोमेनाने तो होडीतून उतरला तेव्हाच ओळखलं होतं.

"आमच्याकडे नाही येत," मातबर म्हणाले. "आमच्या गावात पीरबाबांचा मजार आहे. वारा नदीपाशी येतो नि वळतो."

"मजार कुठे आहे ते वाऱ्याला कुणी सांगून ठेवलंय का?"

"अम्मा," इद्रिस पुटपुटला.

"चाची, रागावू नका. पण ज्या घरावर सारखं संकट येतं त्या घरात काहीतरी खोट असते. मुलगी अंगावर पीत होती तेव्हाच आई गेली, असं ऐकलंय."

पारुल पदर कपाळावर ओढून आपल्या पायाच्या बोटांकडे बघत बसली होती.

पहिलं तुफान आलं तेव्हा मोमेना परकरी पोर होती. आभाळातून काळी सोंड उतरली आणि तिचा बाप बैलासकट शेतातून उचलला गेला. बैल सापडला, बाप नाही. मौलवींनी सांगितलं, बायकांच्या डोक्यावर पदर राहत नाही म्हणून हे झालं. दुसरं आलं ते रोज्यांच्या महिन्यात. कित्येक महिने पाऊस नव्हता, लोक मैदानात जमून पावसासाठी दुवा मागत होते. छपरांचे पत्रे आडवे उडत आले. त्यांत तिचा नवरा आणि थोरली दोन पोरं गेली. मग पुढारी आले, बिस्किटं वाटली आणि फोटो काढून घेतले. तिसऱ्या वेळी तिने तान्ह्या पारुलला छातीशी धरून बांबूच्या बेटामागच्या चरात अंग झोकून दिलं. सून शेळी सोडवायला मागे फिरली. शेळी वाचली. पुढे ती शेळी बरीच वर्षं जगली, पण मोमेनाने एकदाही तिच्याकडे नीट बघितलं नाही.

तिसऱ्या खेपेला ढाक्याहून एक साहेब नकाशे घेऊन आले. ह्या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात तुफान फार, तेही बैशाखाच्या आसपास, दिवस कलताना, असं त्यांनी समजावलं. "मग आम्ही करायचं काय?" मोमेनाने विचारलं. साहेबांनी शहाळं संपवलं आणि म्हणाले, "त्यावर अभ्यास चालू आहे."

तेव्हापासून तिने अभ्यासाची वाट बघणं सोडलं. तो चर तिनेच खोल केला. दरवर्षी पाचोळा काढायची, साप हाकलायची. आभाळ काळवंडलं की हाताला येईल त्याला ओढत तिथे न्यायची. ती रस्त्याने निघाली की पोरं बेडकासारखं डराव-डराव करायची. पोरांचा तिला राग नव्हता. त्यांच्या आयांचा होता, त्या खिदळायच्या.

मातबर अजून खोटीबद्दल बोलत होते तोच वारा पडला. बांबूचं पानही हलेना. वायव्येकडून उजेड हिरवट होत आला.

मोमेना उठली. "चला."

"चाची, पावसाचा ढग आहे साधा."

"चला म्हणते. अत्तर नंतर वाळवा."

तिने पारुलचा दंड धरला. मातबर खुर्चीतून हलायला तयार नव्हते. पण घरावरचा पत्रा खडखडला आणि मग सगळ्यांच्या पुढे तेच पळाले. चरात तोंड खुपसून कलमा पढू लागले. गारा कोसळल्या. मोख्तारने कुठूनसं सूप उचलून आणलं होतं. ते त्याने म्हातारीच्या आणि पारुलच्या डोक्यावर धरलं. स्वतः मार खात उभा राहिला.

थोड्याच वेळात सगळं निवळलं. एक आंब्याची फांदी मोडली होती. घर जागच्या जागी होतं. ओसरीवर शेवयांत पावसाचं पाणी साचलं होतं.

मातबर वर आले. पंजाबीचा रंग ओळखू येत नव्हता, एका पायात जोडा नव्हता. इद्रिस पाण्याची कळशी घेऊन धावला, त्यांनी ती हाताने लोटली.

"एवढ्यासाठी चिखलात लोळवलंत? घरात वेडी बाई, पोर तिच्याच हाताखाली वाढलेली. उद्या आमच्याकडे ढग दिसला की भात चुलीवर टाकून खड्ड्यात जाऊन बसेल."

"बसेल," मोमेना म्हणाली. "नवऱ्यालाही ओढून नेईल. तुम्हाला मात्र नेणार नाही, एवढं मी तिला शिकवून पाठवेन."

"बोलणी संपली," म्हणत मातबर घाटाकडे निघाले.

होडी दिसेनाशी झाल्यावर इद्रिस आईकडे वळला. जन्मात त्याने आवाज चढवला नव्हता. "तुझ्या खड्ड्यात माझ्या पोरीचं लग्न गेलं, अम्मा."

"त्याच खड्ड्यातनं तुझी पोर जिवंत निघाली."

"एकदा निघाली. त्यानंतर कितीदा नुसतंच बसलो आपण तिथे. एकदा तरी ढगाला ढग राहू दे की."

मोमेनाने पदराचा चिखल झटकला. ती पारुलकडे वळली. "तू पण बोलून घे."

पारुल वाट्या गोळा करत होती. "मी काय बोलू, दादी? त्यांचा जोडा राहिलाय चरात."

दुसऱ्या दिवशी मोख्तार एकटाच आला. जोडा न्यायला आलो म्हणाला. पारुलने तो धुऊन ठेवला होता. जोडा हातात घेऊनही तो घुटमळत उभा राहिला.

"दादी, आमच्याकडे बांबूचं बेट नाही. चर कुठे खणायचा?"

"कशाला? मजार आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. पण त्यात माणसं कितीशी मावणार?"

मोमेनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ह्यालाही एक टोला हाणावा असं तिच्या मनात आलं, पण विचारलं वेगळंच.

"काका काय म्हणतील?"

"ते आता माझ्याशी बोलत नाहीत. काल रात्रीच त्यांना सांगितलं मी, लग्न करीन तर इथेच."

"घराच्या भिंतीपासून लांब खण," ती म्हणाली. "झाडाखाली नको. आणि रुंद ठेव. पोरं होतील, ती एकमेकांवर पडायला नकोत."

एवढं बोलून ती घरात गेली. इद्रिसने मोख्तारला खुर्ची दिली. आतून पानाचा खलबत्ता कुटल्याचा आवाज येऊ लागला, आणि थांबेचना. पारुल बघायला आत डोकावली. दादी भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि जोरजोरात रिकामाच खल कुटत होती.