केळ्याला फुटलेले रक्त

मूल वाचावे म्हणून आई कुणाच्याही पाया पडते, यात तिचा दोष नाही. दोष असलाच तर तो पाया पडू देणाऱ्याचा असतो.

२००२ सालच्या माघात वसईजवळच्या जूचंद्र गावातल्या एका मठापुढे चपलांचा ढीग साचला होता. आत रक्तानंद महाराज दुर्बळांच्या अंगी नवे रक्त जन्माला घालीत. वसईचे निवृत्त संस्कृत शिक्षक दिनानाथ सून विनया आणि नात अश्लेषा यांच्यासह रांगेत उभे होते. सोबतीला पापडी गावची, त्यांच्या ओळखीची लुईझा होती, हातात वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन.

अश्लेषाच्या अस्थिमज्जेने रक्त घडविणेच सोडून दिले होते. कॉलेजात जाणाऱ्या भावाची, सिद्धेशची, मज्जा तिला द्यावी, असे मुंबईच्या डॉक्टरांनी ठरविले होते. खरी आशा तेवढीच होती. सोमवारी दोघांना दाखल व्हायचे होते. पण मुलीसाठी मुलाच्या हाडांना सुई लावायची, या विचाराने विनयाचे पाऊल अडले होते. महाराजांनी कौल दिला तर इस्पितळाची पायरी चढायची नाही, असे तिने मनाशी योजले होते.

शिष्याने अश्लेषाचा तळहात तीर्थात बुडवून पिवळ्या वस्त्रावर टेकविला. लालभडक पंजा उमटला. गर्दीने हात जोडले.

"रक्त जन्मलं," महाराज म्हणाले. "पोरीचे गाल बघा कसे उजळलेत. आता हाडाला सुई लागली, तर रक्तमाता रुसून माघारी जाईल. अकरा गुरुवार इथेच यायचं."

विनयाचे डोळे भरून आले. "अप्पा, सोमवारचं रद्द करू या."

दिनानाथांनी वस्त्र हुंगले. मग लुईझाकडून एक केळे मागून घेतले, नैवेद्य दाखवावा इतक्या अदबीने तीर्थात बुडविले आणि वस्त्रावर ठेवले. केळ्याखाली तांबडा डाग पसरला.

"महाराज, यालाही रक्त झाले. हेही अशक्त होते काय?"

"केळं श्रद्धेनं आणलंय, म्हणून," शिष्य चाचरला.

"श्रद्धा कसली रे बाबा," लुईझा म्हणाली. "वाटंत भूक लागंल म्हनून आनलीत मी."

महाराजांना त्याच क्षणी समाधी लागली.

दिनानाथ गर्दीकडे वळले. "पाय मुरगळला की आपण हळद-चुन्याचा लेप लावतो. चुना पडताच हळद लाल होते, हे इथे कुणी पाहिलेले नाही? वस्त्र हळदीचे आहे आणि तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी. घरी आपण त्याला लेप म्हणतो. उंबरठा ओलांडला की रक्त म्हणतो."

"पण अप्पा, तिचे गाल? ते तर खरंच उजळलेत."

"परवा इस्पितळात तिला रक्त चढविले ना? ते गाल त्या अनोळखी दात्याचे आहेत, विनया. ते रक्त काही आठवड्यांत सरेल. नवे घडविणारी मज्जा सिद्धेशच देऊ शकतो."

"आणि माझ्या सिद्धेशचं काय?"

"कमरेच्या हाडातून सुईने काढतील. काही दिवस कंबर दुखेल. मज्जा उपसलेल्या विहिरीसारखी पुन्हा भरते. देवाला नमस्कार जरूर कर. पण जो त्या नमस्काराच्या बदल्यात उपचार सोडायला सांगतो, त्याला आधी प्रश्न विचार."

विनयाने एकदा त्या केळ्याकडे पाहिले. मग तिने अश्लेषाचा तांबडा तळहात आपल्या पदराने पुसला. "चला," ती म्हणाली.

सोमवारी निघताना दोन्ही भावंडे पाया पडली. दिनानाथांनी दोघांच्या मस्तकांवर हात ठेवले.

"एकाने दुसरीला जगवावे," ते हळूच म्हणाले, "आणि मग दोघांनी म्हातारपणापर्यंत भांडावे."