चौथी फेरी

ऑफिसात त्याला सगळे चिक्कू म्हणत, कारण एक गुणाकार जास्त झाला तरी त्याचा जीव कासावीस व्हायचा. कामच तसं होतं. टॉवरवर चौसष्ट अँटेना, समोर एकाच वेळी बोलणारे सोळा फोन. प्रत्येक अँटेनाला सगळ्यांचा कालवा एकत्रच ऐकू येणार, आणि त्यातून कोण काय म्हणालं ते चिपनं पापणी लवायच्या कितीतरी आधी ओळखायचं. सगळ्या शक्यता तपासत बसलं तर चिप भाजून निघेल. म्हणून चिक्कूनं आठ महिने खपून एक पद्धत रचली. आधी ढोबळ अंदाज करायचा, मग फेरीफेरीनं सुधारायचा. प्रयोगशाळेत तीन फेऱ्यांत उत्तर बरोबर येई. त्याच्या वरिष्ठ मॅडमनी चिपमध्ये तीनच फेऱ्यांची जागा ठेवली.

आराखडा शुक्रवारी कारखान्यात जाणार होता. सोमवारी स्टेडियमवरच्या चाचणीचे आकडे आले आणि सगळ्यावर पाणी पडलं. गर्दीत उत्तर जागेवर यायला तीनऐवजी अकरा फेऱ्या लागत होत्या.

"सरासरी दिवसभराची धरली तर..." त्यानं सुरुवात केली.

"सरासरी सांगून माझी समजूत घालू नकोस," मॅडम म्हणाल्या. "लोक गर्दीतच फोन लावतात."

मंगळवार गेला. सुरुवातीचा अंदाज बदलून पाहिला, सुधारणेची पावलं लहानमोठी केली. काही केल्या आकडा हलेना. बुधवारी दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यातून तू आणणार होतास ना?"

तो पळतच गेला. बाबा एका डोळ्यावर पट्टी बांधून दोन तास बाकावर बसले होते.

"सोळा जणांचं एकदम ऐकणारं यंत्र करतोस म्हणे," ते म्हणाले. "एका बापाचं ऐकायला कोणतं लागतं?"

चिक्कूनं त्यांचा हात धरून त्यांना रिक्षात बसवलं. त्यांना घरी सोडून तो पुन्हा ऑफिसात आला, तोही चिडलेलाच.

गुरुवारी सकाळी त्यानं प्रोग्राम बाजूला ठेवला आणि नेमके कोणते फोन चुकताहेत ते पाहिलं. चाचणीच्या कागदांत कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं त्याची यादी होती. चुकणारे फोन शेजारशेजारच्या खुर्च्यांवरचे निघाले! त्यांचे संदेश अँटेनांपर्यंत जवळजवळ सारखेच पोहोचत. एकाचा अंदाज सुधारावा तर दुसऱ्याचा बिघडे. त्यानं अशा जोड्या एकत्र सोडवल्या, बाकीचे फोन पूर्वीसारखेच एकेकटे.

अकराच्या चार फेऱ्या झाल्या. चौथी मात्र काही केल्या कमी होईना. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो तिच्याशी झुंजत होता.

"चार," त्यानं मॅडमना सांगितलं.

"जागा तीनची आहे रे."

"एकच फेरी, मॅडम!"

"कुठे कोंबू? जुन्या चिपमधला भाग तेवढ्या जागेत बसतो. तोच पाठवतेय. फोन सोळाऐवजी आठच घेईल."

"आणि माझं?"

"पुढच्या चिपमध्ये. दीडएक वर्ष."

तो खुर्चीत धपकन बसला. ती यादी सोमवारपासून त्याच्या टेबलावर पडून होती. नुसती कागदपत्रं म्हणून त्यानं उघडलीसुद्धा नव्हती. तीन दिवस हातात होते आणि ते त्यानं भलतीकडेच घालवले होते.

मॅडम दारातून वळल्या. "अकराच्या चार कशा केल्यास ते लिहून ठेव. विसरशील."

"विसरतोय कसला!" तो म्हणाला आणि कीबोर्ड इतक्या जोरात बडवू लागला की शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून चहाला गेले.