जागचं हलणार नाही

गुण्याकाकांच्या हातचं काही हललेलं कुणी पाहिलं नव्हतं. काटकोन तपासायचा सुताराचा गुण्या त्यांच्या खिशात कायम असे, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. त्यांनी केलेलं टेबल डुगडुगत नसे, खुर्ची कुरकुरत नसे, आणि त्यांनी ठोकलेलं कपाट काढायचं तर भिंत पाडावी लागे. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत काकूसुद्धा त्यांना सोडून एका रात्रीपुरत्या कुठे गेल्या नव्हत्या. याचंही श्रेय काका मनातल्या मनात स्वतःच्या कारागिरीलाच देत.

काकू दप्तरं आणि पिशव्या शिवत. ‘चेन आणायला जाते’ असं सांगून त्या दोन महिने गाडी शिकायला जात होत्या, आणि काकांना एवढंच वाटत होतं की हल्ली दप्तरांना चेनी फार लागतात. मग एका सकाळी चहाच्या कपाशेजारी लायसन्स येऊन पडलं. तिसऱ्या आठवड्यात दाराशी एक जुनी, चिमुकली गाडी उभी राहिली. काकांनी खिशातली टेप काढून ती मोजली.

“आपलं कपाट हिच्यापेक्षा मोठं आहे,” ते म्हणाले.

“कपाट चालत नाही,” काकू म्हणाल्या, आणि गाडीचं नाव डबी ठेवून मोकळ्या झाल्या.

इथवर काकांनी सोसलं. पण काकूंची थोरली बहीण दोन तासांच्या अंतरावर राहायची, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिला शनिवारी अकरा वाजता हॉस्पिटलातून घरी न्यायचं आणि चार दिवस तिच्याजवळ राहायचं, असा शब्द काकूंनी फोनवर देऊन टाकला. ताई खो खो हसली. “तू गाडी घेऊन येणार? अगं, रस्ता ओलांडताना माझा हात सोडायची नाहीस तू.” काकू हसल्या नाहीत. फोन ठेवून त्यांनी कॅलेंडरवर शनिवारभोवती गोल केला, तो इतका दाबून की मागच्या पानावरही उमटला.

काका ‘जाऊ नको’ म्हणाले नाहीत. त्यांनी अट घातली. “गाडीत पेट्रोल असतं आणि पेट्रोल पेटतं. आधी आग विझवायचं नळकांडं बसवू, मग जा.”

खरं सांगायचं तर काकांना आगीचं भय नव्हतंच. भय होतं ते चार दिवस त्या घरात एकट्यानं जेवण्याचं. पण तसं बायकोला सांगण्यापेक्षा पेट्रोलला नावं ठेवणं सोपं होतं. नळकांडं शोधण्यात महिना जाईल असा त्यांचा हिशेब होता. काकू ते संध्याकाळी घेऊन आल्या.

लाल, गुटगुटीत, दोन किलोचं नळकांडं. सोबत खोक्यात एक पत्र्याची पकड आणि तिला खटक्याचा पट्टा. काकांनी ती पकड दोन बोटांनी उचलली, वाकवून पाहिली, “हे खेळणं आहे,” म्हणाले आणि भंगाराच्या डब्यात टाकली.

काकूंना घाई होती. त्यांनी नळकांडं डिकीत टाकलं. पहिल्या वळणावर ते डावीकडून उजवीकडे गेलं, दुसऱ्या वळणावर परत आलं, आणि गल्लीभर डबी मंदिरातल्या घंटेसारखी वाजत गेली. मग काकूंनी ते आपल्या सीटखाली सारलं. कोपऱ्यावर एक मांजर आडवं आलं, काकूंनी ब्रेक दाबला, तो अर्ध्यातच अडला. नळकांडं घरंगळत येऊन पेडलखाली बसलं होतं. नशीब की गाडी गोगलगाईच्या चालीनं जात होती. डबी हळूच एका कचरापेटीला जाऊन टेकली. मांजर थांबून बघत होतं.

“बघ,” काका म्हणाले. तोंडावर काळजी होती, पण आवाजात जरा गोडवा होता. “हे घट्ट बसवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. माझ्यावर सोड.”

काकूंना ब्रेकचा धसका बसला होता, त्यामुळे त्यांनी खरंच सोडलं.

मग काका नऊ दिवस गाडीत राहायला गेल्यासारखेच होते. पाय बाहेर, डोकं सीटखाली. त्यांनी ठेवणीतलं सागवान काढलं. नळकांड्याच्या गोलाईबरहुकूम पाळणा कोरला, वरून मिठी मारणारी दोन अर्धवर्तुळं केली, सांधे असे जुळवले की मधून कागद जाऊ नये, आणि शेवटी दोन पाचरी ठोकल्या. काकू रोज विचारत, “झालं का?” काका रोज पॉलिश पेपर घासत म्हणत, “घाईचं काम नाही.” भिजत घोंगडं कसं ठेवावं हे त्यांच्याकडून शिकावं. पण शनिवार जवळ येत होता आणि काकू काही डगमगत नव्हत्या, तेव्हा शुक्रवारी सकाळी त्यांना काम संपवावं लागलं.

दुपारी गॅरेजवाली आली. गल्लीच्या तोंडाशी तिचं गॅरेज, तिशीतली बाई, बोलणं तोडून. हवा, ऑइल, ब्रेक सगळं तपासून ती सीटपाशी वाकली आणि पाळणा पाहून तिनं खरोखर तोंडात बोट घातलं.

“काका, हे म्युझियममध्ये ठेवायचं काम आहे.”

काका फुलले. “गाडी उलटीपालटी झाली तरी जागचं हलणार नाही.”

“बरं. बोनेटमधून धूर येतोय. काढा बघू ते.”

“धूर?” काका दचकले.

“समजा हो. काढा.”

काकांनी नळकांडं धरून ओढलं. नळकांडं सोडून डबी हलली. त्यांनी पाय रोवून ओढलं, पिळलं, खालून ढकललं. पाचरी त्यांच्याच हातच्या होत्या. त्या मालकालाही दाद देईनात. गॅरेजवाली घड्याळात बघत उभी होती.

“दोन मिनिटं झाली,” ती म्हणाली. “सीट पेटली आता. आणि काकू आत आहेत.”

हे ती सहज बोलली. पण काकांचे हात थांबले. डबीत अडकलेल्या काकू आणि शेजारी आपलं अप्रतिम सागवान, असं त्यांना लख्ख दिसलं. आपण नऊ दिवस आग विझवायची सोय करत नव्हतोच, हे त्यांना तेव्हा कळलं. ते कुणाला तरी धरून ठेवत होते.

ते उठले. आतून करवत आणली आणि पाळणा कापून काढला. काकू दारात उभ्या होत्या. नऊ दिवसांचं काम कापणाऱ्या नवऱ्याकडे त्या बघत होत्या आणि त्यांना एकदम भरून आलं. मग काकांनी भंगाराचा डबा उपडा केला, पत्र्याची पकड शोधली, फुंकर मारून पुसली. गॅरेजवालीनं शेजारची सीट ज्या बोल्टांनी तळाला धरलेली होती, त्याच बोल्टांत जाड लोखंडी पट्टी घेतली आणि पकड पट्टीवर आवळली. नळकांडं सीटच्या पुढच्या कडेशी आडवं बसलं. काकांनी हलवून पाहिलं. हललं नाही. खटका दाबला. खट, आणि नळकांडं हातात.

“आता तू,” ते काकूंना म्हणाले. “डोळे मिटून.”

काकूंनी स्टिअरिंगवर बसून, डोळे मिटून, हात लांब केला. खट. काकांनी ते पुन्हा बसवलं. खट. असं बारा वेळा झालं. गॅरेजवाली अकराव्यालाच निघून गेली.

शनिवारी आठ वाजता काकू गाडीत बसल्या. पट्टा लावला, आरसा नीट केला, इंजिन सुरू केलं. गाडी काही निघेना, कारण काकांनी खिडकीची कड धरली होती.

“डाळ-तांदूळ वरच्या फळीवर आहेत,” काकू म्हणाल्या.

“माहीत आहे,” काका म्हणाले.

“आणि पोचलीस की फोन कर.”

“करते. अहो.”

“हं?”

“सोडा.”

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. पाचही बोटं पाचरीसारखी बसली होती. “खट,” ते तोंडानंच म्हणाले आणि हात उघडला. डबी गेली. कचरापेटीला वळसा घालून गेली, हेही त्यांनी पाहिलं.

त्या दिवशी त्यांनी रंधा हातात घेतला आणि खाली ठेवला, असं चारदा केलं. सव्वादहाला फोन वाजला.

“पोचले. ताई हॉस्पिटलच्या खिडकीतून बघत होती. अजून काही बोललेली नाही.”

“नळकांडं?”

“जागेवर आहे.”

“हललं नाही ना?”

“अजिबात नाही,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही?”

काकांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“मी हललो गं थोडा,” ते म्हणाले.