पडद्याची मागली बाजू

मी सिनेमाचा पडदा. थेटरातला नव्हे, पटांगणात दोन बांबूंना ताणून बांधतात तो, साध्या मांजरपाटाचा.

माझा जन्म खुटबावजवळच्या एका लहान गावातला. मिशनच्या शाळेतले शिपाई प्रभुदास यांनी दौंडच्या बाजारातून कापड आणलं. त्यांच्या बायकोनं, मार्थानं, मशीनवर तीन पट्टे जोडून मला शिवलं. तेव्हा ती विशीतली होती.

दरवर्षी जत्रेला एक जुना हिंदी सिनेमा लागे. त्याची पेटी पुण्याहून एसटीच्या टपावर यायची. सिनेमात एका गावातली माणसं धर्मावरून एकमेकांची घरं पेटवतात आणि एक म्हातारी जळक्या घरांतून पोरं उचलत फिरते. कुणाचं पोर, हे विचारत नाही. सगळं पटांगण रडायचं.

पण बसायची रीत ठरलेली होती. माझ्यापुढं गाव, माझ्यामागं मिशनवाले आणि बौद्धवाड्यातली माणसं. तसं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ज्याला त्याला आपली जागा ठाऊक होती.

मागून सिनेमा उलटा दिसतो. मार्थाला कित्येक वर्षं वाटायचं, सिनेमातल्या बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात आणि ती म्हातारी डावखुरी आहे. एकदा प्रभुदास हसून म्हणाले, "अगं, तू मागनं बघतीस. म्होरनं समदं सरळ दिसतं."

"मंग एकदा म्होरनं दावा की," ती म्हणाली.

प्रभुदास बांबूची दोरी आवळू लागले. मी तिच्याच हातचा, पण माझ्यापुढं तिला जागा नव्हती.

मग घरोघरी टीव्ही आले. माझी घडी पत्र्याच्या पेटीत गेली. मध्ये कधी ज्वारी वाळवायला मला अंथरलं, तेवढंच. प्रभुदास गेले. मार्था थकली, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला.

यंदा बौद्धवाड्यातली गौतमी आली. रांजणगावच्या कंपनीत कामाला आहे. तिनं तो सिनेमा शोधून काढला, भाड्यानं सिनेमाची मशीन आणली. म्हणाली, "मार्थाआजी, औंदा मागं कुणीच न्हाई बसायचं. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत."

"नगं गं बाई. लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या. तुमचं डोळं हायेत तवर बघून घ्या."

दिवेलागणीला मला बांधलं. मार्था धुवट पांढरं पातळ नेसून आली, पहिल्या रांगेत बसली. गाव जमलं होतं. पण दोन दिवस गावात मोबाइलवर एक निरोप फिरत होता: मिशनवाले सिनेमा दाखवून लोकांना बाटवणार आहेत.

सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळानं गावातले म्हातारे ज्ञानदेवआबा उठले.

"आबा, बसा की," गौतमी म्हणाली. "तुम्हीच तर पोरपणी बघितलाय ह्यो."

"बघितलाय म्हनूनच उठतोय. गुरांची धार काढायची हाय."

"तुमची गुरं तर गेल्या साली इकली."

आबा मान खाली घालून चपला शोधू लागले. त्यांच्यामागं दुसरे उठले, मग तिसरे. भांडण नाही, शिवी नाही. फक्त अंथरलेल्या गोण्या झटकल्याचा आवाज. ते पाहून बौद्धवाड्यातली आणि मिशनमधलीही माणसं उठली. "उगं वाद नगं," म्हणत पोरं घेऊन घरी गेली.

पटांगणात दोघीच उरल्या. माझ्यावर घरं पेटली, म्हातारी पोरं उचलू लागली. रडायला कुणी नव्हतं.

मार्थानं शेवटपर्यंत पाहिलं. मग गौतमीचा हात धरून हळूच म्हणाली, "मागनंच बरा व्हता गं. तवा पलीकडं मानसं तरी व्हती."

गौतमीनं मशीन बंद केली. मला कुणीच सोडलं नाही. आज चौथा दिवस. वाऱ्यानं एक शिवण उसवली आहे.

वाचणाऱ्यांनो, कधी मला उतरवलंत आणि पुन्हा कुठं लावायचं मनात आलं, तर मोकळ्यावर बांधू नका. एखाद्या भिंतीला अगदी चिकटवून लावा. माझ्यामागं कुणाला बसवता येईल एवढी जागाच ठेवू नका.