दोर वळतानाचं गाणं

ते गाणं तिला कुठंही गाठायचं. दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेली असताना, लिफ्टमध्ये, शेजारणीच्या नातवाच्या खेळण्यातल्या अस्वलाच्या पोटातून. कधी नुसत्या बासरीवर, कधी ढीगभर व्हायोलिनांवर. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन जमाना झाला तरी गल्लीत तिला सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. गाणं कानावर आलं की ऑपरेटरबाई हातातलं काम टाकून उभी राही, समोरची भिंत हळूहळू मागं सरके, आणि तिथं एक लांबच लांब शेड दिसू लागे. तागाचा वास, पत्र्याच्या भोकांतून उतरलेलं ऊन, उन्हात तरंगणारी तागाची कुसं. आणि पार दुसऱ्या टोकाला, त्या धुळीत, बोटाएवढे झालेले बाबा.

मागं मागं जातोस, लहान लहान होतोस,
पोचलं का रे, पोचलं का?

मधली कडवी आईच्या मनाला येतील तशी बदलत, हे मात्र फिरून फिरून येई. आईनं ते सासूकडून उचललं होतं, सासूनं कुणाकडून ते देव जाणे. दोर वळणारा माणूस उलटा चालतो. कमरेला तागाचा झुबका बांधून, चिमटीतून धागा सोडत, चाकाकडे तोंड करून तो मागं मागं जातो आणि चाकाचा पीळ त्या धाग्यातून त्याच्या हातापर्यंत जातो. तो पीळ पोचला का, एवढंच आई विचारायची. चाकाचा दांडा फिरवायला ही पोर, चाकापाशी धाग्यावर लक्ष ठेवायला आई, आणि दूर दूर जाणारे बाबा, असा तो सगळा संसार होता.

पण एवढ्याशानं लोकांचं कुठलं भागायला! एकदा गाणी गोळा करत हिंडणारे एक गृहस्थ मशीन घेऊन शेडमध्ये आले. त्याची रेकॉर्ड निघाली. तिच्यावर छापलं होतं, ‘लोकगीत. गायिका: दोरवाल्याची बायको.’ मग एका संगीतकारानं ते सिनेमात घातलं, आणि ते त्याचं झालं. पडद्यावर एक नायिका धक्क्यावर उभी राहून दूर जाणाऱ्या बोटीकडे बघत ते म्हणायची, आणि थिएटरात बायका पदराला डोळे पुसायच्या. पुढं त्याचं भजन झालं. जातो तो जीव आणि विचारते ती माया, असं कीर्तनकार डोळे मिटून समजावत. त्यानंतर ते मोर्चात गेलं. आमचं म्हणणं सरकारपर्यंत पोचलं का रे, म्हणून पोरं मुठी उगारू लागली. मग एका प्राध्यापकांनी लेख लिहिला की हे म्हातारपणाचं गाणं आहे, माणूस मागं मागं जात पुन्हा लहान होतो. ऑपरेटरबाईनं तो लेख वाचला आणि बरेच दिवस तिला तेही खरं वाटत राहिलं. खरं सांगायचं तर तिला सगळेच अर्थ थोडे थोडे पटायचे. सिनेमा बघताना तीही रडली होती.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी होती. बोट असो, देव असो की सरकार असो, विचारणारीला उत्तर कुणीच देत नव्हतं. आणि त्या बाबतीत ऑपरेटरबाईचं साऱ्या जगाशी एकमत होतं.

ती लहान असताना आईबाबांचं काहीतरी बिनसलं. काय, ते तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. बाबांनी तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. घरात बोलणी व्हायची ती हिच्यामार्फत. “बाबांना सांग, मीठ संपलंय.” “तुझ्या आईला म्हणावं, ऐकलं.” तीन माणसं एका खोलीत, आणि ही आपली मध्ये उभी राहून निरोप इकडून तिकडे करतेय. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्याची नोकरी तिनं घरातूनच शिकून घेतली होती, असं ती हसत हसत सांगे. हसू ओठांवरच असे.

शेडमध्ये मात्र आई रोज गायची. विचारायची, थांबायची, धाग्यावर तळवा टेकवून डोळे मिटायची. मग पुढचं कडवं. इतकी आर्जवं करूनही त्या माणसाला पाझर फुटत नाही, हे बघून चाक फिरवता फिरवता पोरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो राग तिनं बाबा गेल्यावरही सोडला नाही.

म्हणून रेकॉर्ड कंपनीतली मुलगी घरी आली, जुनी रेकॉर्ड नव्यानं काढतोय, या वेळी नाव नीट छापायचंय म्हणाली, तेव्हा ऑपरेटरबाईनं चहाच्या आधीच बजावलं, “आईचं नाव घाल. पूर्ण, तिचं स्वतःचं. बाबांचं कुठंही नको. दोरवाल्याची बायको म्हणूनसुद्धा नको.”

“नाही घालणार, मावशी,” मुलगी म्हणाली. “पण तुम्ही एकदा स्टुडिओत येऊन ऐका तरी.”

स्टुडिओची खोली कापूस भरलेल्या गादीसारखी मऊ आणि मुकी होती. मुलगी बाजूला उभी राहिली, साउंडवाल्यानं ऑपरेटरबाईला खुर्ची दिली, टेबलावरचे स्पीकर तिच्याकडे वळवले.

“मूळ टेप सापडलीय, मावशी,” तो म्हणाला. “इतकी वर्षं लोक ऐकतात ते कातरलेलं आहे. प्रत्येक ‘पोचलं का’नंतर मोठी मोकळी जागा होती, ती त्यांनी उडवली होती. मी आता पूर्ण ठेवलंय. फक्त मधली खरखर काढू का?”

“कसली खरखर?”

“चाकाची घरघर आहे. आणि लांबून काहीतरी येतं.”

तिला आठवलं. चाकाच्या आवाजाला वैतागून त्या गृहस्थांनी मायक्रोफोन उचलून शेडच्या मध्यावर नेला होता, तुळईला टांगला होता. तेव्हा घरातल्या अबोल्याला कितीतरी वर्षं होऊन गेली होती.

“काढू नका,” ती म्हणाली. “चाक तेवढं कमी करा बघू.”

त्यानं बटण फिरवलं. चाक दूर गेलं, शेजारच्या घरात कुणी दळण दळत असावं इतकं. आईनं विचारलं, पोचलं का रे, पोचलं का? मग ती जागा आली. आणि त्या जागेत, धुळीच्या पलीकडून, एक जाडाभरडा, बेसूर आवाज आला.

पोचलं गं, पोचलं. हातात आलं.

ऑपरेटरबाईनं हातानंच खूण केली, पुन्हा. पुन्हा तेच आलं. पुढच्या कडव्यानंतरही आलं, त्याच्या पुढच्याही. एकदा बाबांनी ‘आलं’ उगाच लांबवलं, तर आईही तेवढीच थांबली आणि तो सूर संपल्यावरच तिनं पुढची ओळ उचलली. म्हणजे तिला कळत होतं. चाकापाशी कानांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिला ते धाग्यातून तळव्याला कळत होतं. दोघं रोज बोलत होती. आणि त्या दोघांच्या मध्ये जे घरघरत होतं, ज्यामुळे लेकीला जन्मभर एकच बाजू ऐकू आली, ते चाक तिच्याच हातात होतं.

ती रडली. साउंडवाला उठून उगाचच एक वायर गुंडाळू लागला.

मुलीनं हळूच विचारलं, “मग नाव काय छापायचं, मावशी?”

तिनं आईचं नाव सांगितलं. माहेरचं, जे घरातही कुणी घेत नसे. मग ती थांबली. समोरच्या टेबलावर तिनं तळवा टेकवला होता, आणि स्पीकरमधून चालू असलेलं गाणं लाकडातून बारीक थरथरत वर येत होतं. तिनं डोळे मिटले.

“बाबांचंही लिही,” ती म्हणाली. “खाली नको. शेजारी.”

मुलीनं लिहून घेतलं. “आणि चाक तुम्ही फिरवत होतात ना? तेही घालूया की.”

“ते नको,” ऑपरेटरबाई म्हणाली. “चाक जरा कमीच ठेवा.”