टॉवेलला पुसलेलं गाजर

औशाच्या बाजारात गुरुबसप्पाचं किराणा दुकान. माणूस सरळ, पण राग नाकाच्या शेंड्यावर. बाहेरचा वडासुद्धा तो घरात येऊ देत नसे. लेकीला, वर्षाराणीला, शेतातलं गाजर मात्र स्वतः उपटून, खांद्यावरच्या टॉवेलला पुसून द्यायचा. शेताला पाणी नाल्याचं, आणि नाल्यात सांडपाणी गावाचं. त्यात त्याला कधी काही वावगं वाटलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीला फिटचा झटका आला. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचं स्कॅनिंग केलं. "मेंदूत जंताच्या गाठी आहेत," त्या म्हणाल्या. "घरात डुकराचं मांस खाता का?"

झालं, गुरुबसप्पाचं टाळकं सणकलं.

"लिंगायताचं घर हाय आमचं, बाई. अंड्याचं टरफलबी दारात येत न्हाई."

डॉक्टरीणबाई पुढं काही सांगू लागल्या. "आवो, ऐका तरी," पार्वतम्मा नवऱ्याला विनवत होती. पण हा पोरीला उचलून जिना उतरलासुद्धा. औषधाची चिठ्ठी टेबलावरच राहिली.

मग झाडपाल्याचे काढे झाले, अंगारे झाले. पोर डोकं धरून रडायची, ओकायची. दिवाळीत तिच्या रांगोळीचा रंग भलतीकडेच सांडू लागला, तेव्हा कुठं तो हादरला आणि नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडं धावला.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. या जंताची अंडी घाण पाण्यावरच्या, न धुतलेल्या कच्च्या भाजीतूनही पोटात जातात. मांस न खाणाऱ्यांनाही हा आजार होतो. सूज वाढून डोळ्यांच्या नसा दबल्या होत्या. औषधानं झटके थांबतील, गेलेली नजर येणार नाही. आधी का आणलं नाही, असं त्यांनी विचारलं नाही. गुरुबसप्पाला ते गाजर आठवलं आणि तो जिना, आणि त्याला स्वतःची किळस आली.

घरी परतल्यावर तो सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला बसला. वर्षाराणी नेहमीसारखी शेजारी बसली. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं आणि नजर त्यावर ठेवायची, हे त्यानंच तिला शिकवलेलं. तिनं मान खाली घालून बेल वाहिला. पान लिंगावर न पडता जमिनीवर पडलं.

"आप्पा, नीट वाहिला ना?"

"हाव माय, नीट वाहिलास."

त्यानं पान हळूच उचलून मुठीत दाबलं. दारात पार्वतम्मा उभी होती. तिनं सगळं पाहिलं आणि ती तशीच आत वळली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.